निळा सिलिंडर आणि नणंदबाईंच्या पाटल्या

या वेळचं पत्र बामणोलीकडून आलंय. मूळ पत्र आठ पानी आहे, इथं निम्म्याहून कमी देतेय. गावाचं आणि माणसांचं नाव कळेल असा मजकूर काढलाय.

«ताई, सप्रेम नमस्कार. कोयना धरणाच्या शिवसागराच्या काठाला माझं पाच खोल्यांचं छोटं हॉटेल आहे. मालक जाऊन सहा वर्षं झाली. जमीन सासऱ्यांच्या स्वतःच्या नावाची होती, ते मृत्युपत्र न करता गेले. सातबाऱ्यावर आता मी आणि माझा मुलगा, मुंबईचे धाकटे दीर आणि नणंदबाई अशी नावं आहेत. नणंदबाई चार वर्षांपूर्वी तुर्भ्याहून कायमच्या इकडं आल्या. त्या स्वयंपाकाचं बघतात, मी पाहुणे आणि हिशोब बघते. वरच्या दोन खोल्या बांधल्या तेव्हा त्यांनी पाटल्या मोडल्या, ते मी कधी विसरणार नाही.

गेल्या वर्षी पुढच्या वळणावर पुण्याच्या एका शेठचं बत्तीस खोल्यांचं रिसॉर्ट झालं, आणि तेव्हापासून माझ्या मागं शुक्लकाष्ठ लागलंय. कासला फुलांचा ऐन सीझन चालू असताना मोबाइलच्या नकाशावर माझं हॉटेल 'कायमचे बंद' दाखवायला लागलं. एका आठवड्यात सात जणांनी एकेक स्टार दिला. त्यातल्या एकानं लिहिलं की मटण शिळं होतं. माझ्याकडं मटण मिळतच नाही, कोंबडी आणि मासे मिळतात. एका शनिवारी पाचही खोल्या एकाच माणसानं फोनवरून धरल्या आणि कुणी आलंच नाही. शेअर जीपचे वडापवाले पाहुण्यांना सांगतात, 'बायकांचं आहे ते, फॅमिली घेऊन नका जाऊ.' आणि तोच शेठ समोर आला की हात जोडतो. म्हणतो, वहिनी, तीन लाख घ्या, दोन खोल्या वाढवा, आपलीच माणसं आपण, फक्त एक सही केलेला चेक ठेवा. आधीच बँकेचं आमच्यावर कर्ज आहे.

आता कळलंय की तो दिरांना हिश्श्याचा भाव करतोय. दीर म्हणतात, बहिणीनं माझ्या नावानं हक्कसोड करून द्यावं, म्हणजे व्यवहार सोपा. नणंदबाई महिन्यात दोनदा दाताचं कारण सांगून साताऱ्याला जाऊन आल्या. दात काढलेला तर दिसत नाही. मला झोप नाही. पोलिसात जाऊ का? विकून मोकळी होऊ का? माझ्या भाच्यानं वीस खाती काढून शेठला एकेक स्टार द्यायची तयारी केलीय, ते करू का? सोबत हॉटेलचे फोटो पाठवतेय.

ता. क. हे पत्र नणंदबाईंना माहीत नाही.»

वहिनी,

तुमच्या पत्राला शेवटाकडून उत्तर देते, कारण सगळं त्या ता. क. मध्ये आहे.

पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचलं. आठ पानांत 'माझं हॉटेल' अकरा वेळा आलंय. 'आमचं' एकदाच, आणि तेही कर्जाच्या वाक्यात. तुम्ही हे मुद्दाम केलेलं नाही, हे मला कळतं. सहा वर्षं एकटीनं ओढलेल्या बाईच्या तोंडी 'माझं' येणारच. पण पहाटे पाचला चूल पेटवणाऱ्या, पाटल्या मोडलेल्या आणि सातबाऱ्यावर नाव असलेल्या बाईला हे अकरा वेळा ऐकू येत असेल, तर पुढच्या वळणावरच्या शेठला फार हुशार असायची गरजच नाही. त्यानं नुसतं 'तुमचं काय ठरलंय हो त्यात?' एवढं विचारलं तरी पुरे.

हे मी ज्योतिष म्हणून सांगत नाही. माझ्या पदरी हा दगड आहे. १९९४ साली मी आणि माझी मैत्रीण, आम्ही साताऱ्यात पोवई नाक्यामागं खानावळ काढली. बावीस डब्यांपासून एकशे चाळीस डब्यांपर्यंत गेलो. ती पोळ्या-भाजी बघायची, मी वसुली. समोर आणखी एक खानावळवाला होता. त्यानं आमच्या विरुद्ध कधी तक्रार केली नाही, आमचा एक डबा पळवला नाही. तो फक्त दळण आणायला जाताना माझ्या मैत्रिणीशी बोलायचा आणि बँकेत भेटला की माझ्याशी. मला सांगायचा, तांदळाचं पोतं तुमच्याकडं जरा लवकर संपतं. तिला सांगायचा, वहिनींनी फ्लॅटला पैसे भरले म्हणे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या! पोतं लवकर संपायचं, कारण डबे वाढले होते. फ्लॅटचे पैसे माझ्या नवऱ्याच्या पगारातले होते. पण आम्ही एकमेकींना विचारलं नाही. एके दिवशी ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "वही तुझ्याकडं, तवा माझ्याकडं. सात वर्षांत वही मी एकदा तरी बघितलीय का?" मी म्हटलं, तू मागितली कधी? ती म्हणाली, तू दाखवलीस कधी? झालं. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही मंडईत एकमेकींना बघून गल्ली बदलली.

तुमच्याकडंही वही तुमच्या हातात आहे आणि तवा त्यांच्या. म्हणून पोलीस, स्टार, शेठ हे सगळं आठवडाभर राहू द्या. पाहुणे नसतील अशा एखाद्या दुपारी, मंगळवार-बुधवारी, वही घेऊन स्वयंपाकघरात बसा. ऑफिसात नको, त्यांच्या जागेत. चार वर्षांचा हिशोब त्यांच्यासमोर उलगडा. किती आले, किती बँकेला गेले, मुलाच्या फीला किती काढले, सगळं. मुलाच्या फीचं सांगताना जीभ अडेल, तरी सांगा.

आणि पाटल्या. 'कधी विसरणार नाही' असं तुम्ही लिहिलंत, ते मनापासून आहे. पण ते लिहिलंय कुठं? पाटल्या किती तोळ्यांच्या होत्या, मोडून किती आले, ते उसने होते की धंद्यातलं भांडवल, हे दोघींच्या सहीनं एका कागदावर असायला हवं. आपल्याकडं नात्यात कागद केला की लोकांना वाटतं विश्वास नाही. माझा अनुभव उलटा आहे. कागद नसतो तिथंच माणूस रात्री जागून मनात हिशोब मांडत बसतो, आणि रात्रीच्या हिशोबात दुसऱ्याचं देणं नेहमी वाढतं.

आता त्या कागदाचं नीट सांगते. दोघींची भागीदारी करा. १९३२ चा भागीदारी कायदा आहे, त्यात एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. भागीदारांनी काही ठरवलेलं नसेल तर नफा-तोटा सारखा वाटायचा, कुणी किती घातले आणि कोण किती राबतं हे कायदा विचारत नाही. दुसरं असं की भागीदारी संस्थेची निबंधकाकडं नोंदणी नसेल, तर करारातला हक्क वसूल करायला तिला बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. कलम ६९. म्हणजे उद्या एखाद्या टूर कंपनीनं चाळीस हजार बुडवले तर तुम्ही हात चोळत बसणार. आणि तिसरं, दोनच भागीदार असले तर एक गेला की भागीदारी तिथंच संपते. मग तुमचा मुलगा आणि त्यांची मुलं यांचं काय, हे आजच लिहून ठेवा. साताऱ्यात कोर्टाच्या आसपास हे काम करणारे वकील ढिगानं आहेत. दिरांनी सुचवलेला तेवढा घेऊ नका.

जमिनीचं मात्र वेगळं प्रकरण आहे, आणि इथं तुम्हाला एक आश्चर्य वाटेल.

हिंदू वारसा कायदा, १९५६, कलम २२. मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाची स्थावर मालमत्ता पहिल्या वर्गाच्या वारसांकडं आली आणि त्यातल्या एकानं आपला हिस्सा विकायला काढला, तर उरलेल्यांना तो आधी विकत घ्यायचा हक्क असतो. भाव जुळला नाही तर कोर्ट ठरवून देतं. शेतजमिनीलाही हे लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलंय. आता बघा, हा हक्क सगळ्यात सरळ कुणाकडं आहे? तुमच्या सासऱ्यांच्या मुलीकडं. तुमचे मालक सासऱ्यांच्या आधी गेले की नंतर, यावर तुमची बाजू वकिलाला तपासावी लागेल. नणंदबाईंच्या बाबतीत तसला प्रश्नच नाही. शेठला तुमच्या अंगणात पाय ठेवू न देण्याची ताकद ज्या बाईकडं आहे, तिच्याच दातावर तुम्ही संशय घेऊन बसलाय.

आणि हे शेठच्या वकिलाला तुमच्या आधी कळलंय. नाहीतर हक्कसोडपत्राची घाई दिरांना एकदम कुठून सुचली? एकदा नणंदबाईंनी दिरांच्या नावानं सही केली की त्यांचा हिस्साही गेला आणि हा हक्कही गेला. दोन बहीण-भावांतलं साधं 'सोडून देणं' दिसतं ते, पुढं खरेदीखत वेगळ्याच माणसाच्या नावानं होतं.

तरीही समजा दिरांनी परस्पर विकलंच. तर घाबरून जाऊ नका. वाटप झालेलं नसताना हिस्सा घेणाऱ्याला 'हा पाण्याकडचा तुकडा माझा' असं बोट ठेवून घेता येत नाही. त्याला आधी वाटप मागावं लागतं. व्यवहार नोंदला की फेरफाराची नोटीस निघते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. या नोटिसा 'आपली चावडी'वर ऑनलाइन दिसतात. तुमच्या मुलाला सांगा, दर सोमवारी गावाचं नाव टाकून बघत जा. क्रिकेटचा स्कोअर बघतो तसं. आणि दीर सरळ वागायला तयार असतील तर महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं संमतीनं वाटप करून घ्या, हॉटेलखालची जमीन तुम्हा दोघींच्या वाट्याला आणि रस्त्याकडची त्यांना. दिरांनाही पैशाची गरज असेल हो. मुंबईत राहणाऱ्याला असतेच. त्यांना खलनायक करून टाकायची घाई नको. त्यांना फोन नणंदबाईंनी करावा, तुम्ही नको. बहिणीचा फोन वेगळा पडतो.

आता दाताचं. त्या साताऱ्याला कशाला गेल्या हे मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. शेठला भेटल्या असतील. सही काय असते ते विचारायला कुणा वकिलाकडं गेल्या असतील. दातालाही गेल्या असतील, रूट कॅनॉलमध्ये दात काढत नाहीत! वही बंद केल्यावर, चहा झाल्यावर विचारा. "आक्का, दिरांनी हक्कसोडचं काढलंय, तुमच्या मनात काय आहे?" असं विचारा. दातांबद्दल विचारू नका, त्यात पाळत ठेवल्यासारखं वाटतं. तुम्ही त्यांना आक्का म्हणता की ताई, हे पत्रात कुठंच आलेलं नाही. जे म्हणत असाल ते म्हणा, पण 'नणंदबाई' नको.

एवढं झालं की शेठकडं वळा, आणि इथून पुढचं बरंचसं सोपं आहे.

नकाशावर 'कायमचे बंद' कुणीही सुचवू शकतो, त्याला शेठ असावं लागत नाही. तुमच्या हॉटेलची ती नोंद तुमच्या ताब्यात नाही म्हणून ते टिकलं. मालक म्हणून नोंद आपल्या नावावर घ्या, पडताळणी करा. मग कुणी बदल सुचवला की तुम्हाला कळतं आणि तुम्ही तो परत फिरवू शकता. भाच्याला वीस खाती काढायला वेळ आहे ना, त्याला हे काम द्या. त्या सात स्टारवाल्यांचे तारखेसकट स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, मग खोटा अभिप्राय म्हणून एकेकाची तक्रार करा. मटणवाल्याला तुम्ही स्वतः उत्तर लिहा, भाच्याला लिहू देऊ नका. दोन ओळी पुरेत. "नमस्कार. आमच्याकडे मटण कधीच केले जात नाही. आपण आलात ती तारीख कळवली तर नोंदवहीत पाहता येईल." खाली नाव. नवीन पाहुणा तो एक स्टार वाचतच नाही, तुमचं उत्तर वाचतो आणि या बायका कशा आहेत ते ठरवतो.

भाच्याच्या वीस खात्यांचं वाचून मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण नको. शेठकडं पगारी माणसं आहेत हे शोधायला, आणि एकदा तुमचं खोटं सापडलं की तुमचं खरंही खोटं होतं. अब्रुनुकसानीचा फौजदारी कलम दोन्ही बाजूंना सारखाच लागतो.

फोनवरून खोल्या धरून न येणाऱ्याला एकच औषध, निम्मा ॲडव्हान्स. कासच्या सीझनला आणि थर्टी-फर्स्टला पूर्ण. आपल्या भागात 'पाहुण्याला पैसे कसे मागायचे' म्हणून भिडस्तपणा असतो. मागा. आणि कुणी म्हणालं, जास्त पैसे पाठवले, हा कोड स्कॅन करून पिन टाका म्हणजे परत येतील, तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसलातच तर त्याच तासाला १९३० ला फोन.

'बायकांचं आहे ते' यावर मी जरा थांबते, कारण यात तुमचा खरा जीव दुखावलाय. पत्रात त्या ठिकाणी अक्षर बदललंय. आपल्याकडं हॉटेल म्हणजे चहा-मिसळ. राहायची सोय म्हटली की लोक लॉज म्हणतात, आणि लॉज म्हटलं की भुवया वर. त्यात मालक नाही, दोन बायका. शेठला यात काही शोधून काढायची गरजच पडली नाही, गावात आधीपासून पडलेलंच त्यानं उचललं. याला तोंडानं उत्तर देऊ नका. नोंदवहीनं द्या. येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र, गाडीचा नंबर, कुठून आले, कुठं जाणार, सही. परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन. महिन्यातून एकदा वही घेऊन दोघी मिळून पोलीस ठाण्यात जा, ठाणे अंमलदाराला दाखवा, शिक्का मागा. ते बुचकळ्यात पडतील, कारण असं आपणहून कुणी येत नाही. दोन-तीन महिन्यांत तिथल्या लोकांना तुमचा चेहरा पाठ होईल. मग शेठनं उद्या निनावी तक्रार केली तरी ती वाचणाऱ्याला वहीचा रंग आठवेल. तक्रार करायला पोलिसात जायचं तर त्यानंतर जा, पुरावे घेऊन.

वडापवाले शेठचे नाहीत, कमिशनचे आहेत. त्यांच्याशी भांडू नका. सकाळी वासोट्याला जाणारी पार्टी घेऊन जीप जेव्हा बामणोलीला थांबते, तेव्हा ड्रायव्हर दिवसभर रिकामा असतो. ट्रेकवाले वर जाऊन संध्याकाळपर्यंत बोटीनं परत येतात, तोवर तो गाडीत झोपतो. त्याला नाचणीची भाकरी, पिठलं आणि मागं खाट द्या. फुकट नको, पन्नास रुपयांत. फुकट घेतलेल्याची माणसाला लाज वाटते आणि तो दुसरीकडं जातो. शेठच्या रिसॉर्टमध्ये ड्रायव्हरला गेटच्या आत घेत नाहीत, हे तुम्हीच सहाव्या पानावर लिहिलंय. तुमच्या लक्षात आलेलं नाही, पण आठ पानांतली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे.

तीन लाख घेऊ नका. सही केलेला कोरा चेक म्हणजे रक्कम, तारीख आणि दिवस निवडायचा अधिकार त्याच्या हातात. चेक परत गेला की फौजदारी खटला होतो, आणि तो चालू असताना विक्रीचा कागद समोर येतो. खोल्या वाढवायच्याच असतील तर राज्य सरकारच्या पर्यटन विभागाचं २०२३ चं 'आई' धोरण बघा. महिलांच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला बँकेचं पंधरा लाखांपर्यंतचं कर्ज, त्यावरचं व्याज ठरलेल्या मर्यादेत पर्यटन संचालनालय परत करतं, साडेचार लाखांपर्यंत. व्यवसाय महिलांच्या मालकीचा हवा आणि कामाला निम्म्या तरी बायका हव्यात. तुमच्याकडं तर सगळ्याच बायका. पण मालकीचा कागद लागतो, आणि मी परत त्याच भागीदारीपाशी येते. शेठ ज्या गोष्टीवरून तुम्हाला टोमणे मारतो, तिच्यावरच सरकार व्याज देतंय. हे नणंदबाईंना सांगाल तेव्हा त्यांचं तोंड बघायला मला आवडलं असतं. बांधकामाची परवानगी मात्र आता नेमकी कुणाकडं, हे आधी विचारा. नवीन महाबळेश्वर प्रकल्पात तुमचं गाव येत असेल तर ग्रामपंचायतीच्या कागदावर भागणार नाही.

आता फोटो. सुंदर आहेत, पाण्यावरचं धुकं तर फारच. पण मी चौथ्या फोटोवर अडकले. स्वयंपाकघर, ओट्यावर कोथिंबीर, नणंदबाई पाठमोऱ्या, आणि पायाशी दोन लाल सिलिंडर. घरगुती. वहिनी, पाहुण्यांच्या स्वयंपाकाला घरगुती गॅस चालत नाही. एकोणीस किलोचा निळा लागतो, व्यावसायिक. महाग पडतो, मला माहीत आहे. पण हाच फोटो तुम्ही नकाशावरही टाकलाय, मी बघितलं. शेठनं अजून तो मोठा करून पाहिलेला नाही, एवढंच तुमचं नशीब. सात खोट्या स्टारनं तुमचं जे होणार नाही ते या दोन खऱ्या सिलिंडरांनी होईल.

तसंच सातव्या फोटोतली पाण्याकडची पत्र्याची शेड. पाऊस पडून शिवसागर भरला की ती पाण्यापासून किती लांब राहते? कोयना धरणासाठी संपादित केलेली जमीन कुठं संपते आणि तुमची कुठं सुरू होते, हे भूमी अभिलेखकडून मोजून घ्या. आत निघाली तर स्वतःच्या हातानं हलवा. अन्नाचा नोंदणी क्रमांक पाहुण्यांना दिसेल असा भिंतीला लावा. विहिरीचं पाणी वर्षातून दोनदा तपासून अहवाल त्याच्याच बाजूला.

विकायचं का, या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. तो दोघींनी मिळून विचारायचा प्रश्न आहे, एकटीनं मला विचारायचा नाही. एवढं सांगते की बत्तीस खोल्यांच्या माणसाला पाच खोल्यांची एवढी धास्ती का, याचा विचार करा. मला वाटतं तुमच्या खोल्यांपेक्षा त्याला तुमचा उतार हवाय. मे महिन्यात कोयनेचं पाणी खाली जातं, काठ उघडा पडतो, बोटीला जायला चिखल तुडवावा लागतो. त्याच्या जाहिरातीत बारा महिने तुडुंब पाणी दिसतं. तुमच्याकडून, तुम्ही लिहिता त्याप्रमाणे, मेमध्येही पायवाटेनं थेट पाण्यापर्यंत उतरता येतं. मग ते सांगा ना! "मेमध्ये पाणी लांब असतं, काठ उघडा असतो, पण आमच्या वाटेनं दहा मिनिटांत पोचाल," असं फोटोसकट लिहा. चिखलाचा फोटो टाका. चिखल बघून जो येईल तो स्टार कमी देणार नाही.

आणि हे पत्र छापून आलेलं नणंदबाईंना दाखवायचं की नाही, यावर तुम्ही रात्रभर विचार कराल. छापून यायच्या आधीच सांगा. दुसऱ्या कुणी वाचून त्यांना सांगण्याआधी. सातव्या वर्षी मी वही दाखवली असती तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. माझी मैत्रीण आता गुडघ्यांनी बेजार आहे, मीही. अकरा वर्षांनंतर तिच्या मुलीच्या लग्नात बोलणं सुरू झालं, ते थांबलेलं नाही. मेमधल्या मधल्या वाराचा दर कळवा. खालची खोली, खाटा दोन.

तुमची,
ताई

ता. क. निळा सिलिंडर आला की नवा फोटो पाठवा. नकाशावरचा जुना आजच काढा.